कुत्रीला आंघोळ किती दिवसांनी

बाबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि आता लिहितेय ते एका कुत्रीमुळे. कचेरीत मी आवक-जावक बघते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं नोंदवायची, त्यामुळे घरी आल्यावर कागदाला हात लावायला नको वाटतं. पण आज रविवार आहे. हे जेवून आडवे झालेत, कुत्री माझ्या पायाशी झोपली आहे, आणि तिच्या पोटावर बारीक नवे केस यायला लागलेत. हे कुणाला सांगायचं असा विचार केला तेव्हा तुम्हीच आठवलात. बाकी कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही.

कुत्री तुम्ही पाहिलेली नाही. टाळेबंदीत तुमची नात मुंबईहून परत आली तेव्हा तिने हे पिल्लू टोपलीतून आणलं. अर्धी लॅब्रेडॉर, अर्धी आपली गावठी. रंग समुद्रकाठच्या भिजलेल्या पुळणीसारखा. नंतर नातीला नोकरीवर परत बोलावलं, ती गेली आणि कुत्री आमच्याकडे राहिली. तिला एक इंग्रजी नाव आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही. मी नुसतं "ये गो" म्हणते, ती येते. सुरुवातीला मला तिचं ओझंच वाटायचं. पण यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून हे घराबाहेर फारसे पडत नाहीत, आणि संध्याकाळी मी कचेरीतून आले की जिन्यात माझी पावलं ओळखून दाराशी येऊन उभं राहणारं तेवढं एकच कुणीतरी आहे.

यंदा पावसाळा सुरू झाला आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी मला जिन्यात भेटल्या. चांगल्या आहेत, आमच्याकडे फणसाचे गरे पाठवतात. त्या म्हणाल्या, "रागावू नका हं, पण तुमच्या दारावरून जाताना वास येतो." मग लगेच सावरून म्हणाल्या की वास म्हणजे तसा नाही, कुत्र्याचा असतो तेवढाच, पावसात जरा जास्त. मी हसले, बघते म्हणाले. वर येऊन दार लावलं आणि बराच वेळ पर्स खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिले. हे म्हणाले, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे मी, तीस वर्षं नोकरी केली. तरी "तुमच्याकडून वास येतो" हे शब्द कानावर पडल्यावर मी परत चौथीतली मुलगी झाले. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतात. गावातली माणसं तुम्हाला डॉक्टर म्हणायची आणि तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगायचात, डॉक्टर आत आहेत, मी ड्रेसर. तुमच्या शर्टाला फिनेलचा आणि टिंक्चरचा वास असायचा, पण शर्ट पांढराशुभ्र असायचा. आई तो निळीत बुडवून काढायची आणि तुम्ही स्वतः तांब्यात निखारे भरून त्याला इस्त्री करायचात. ज्या घरांच्या अंगणात तुम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं, त्या घरचे बैल तुमच्या हाताखाली मान खाली घालून उभे राहायचे. शाळेत जायच्या आधी आम्हा दोघा भावंडांना तुमच्यासमोर उभं राहावं लागे. तुम्ही नखं बघायचात, कानामागे बघायचात, मानेवरून बोट फिरवून ते उजेडात धरायचात. बोटाला काही लागलं तर परत न्हाणीत. आई नारळाच्या सोडणाने अंग घासायची, ते इतकं की शाळेत गेल्यावर घाम आला की मान चुरचुरायची. आपल्याला कुणी बोट दाखवता कामा नये, एवढंच तुम्ही म्हणायचात. कशासाठी ते कधी सांगितलं नाहीत. वर्गात एका मुलीने माझ्याशेजारून उठून जागा बदलली तेव्हा ते मला न सांगता कळलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सोडण हातात घेतलं.

आपल्याकडे तेव्हा तांबडा कुत्रा होता. त्याला मात्र तुम्ही सहसा आंघोळ घालायचा नाहीत. संध्याकाळी दवाखान्यातून आलात की पायरीवर बसून त्याच्या अंगावरून उलटा हात फिरवायचात, केसांच्या विरुद्ध. मग बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघायचात. जरा तेलकट लागली की म्हणायचात, ठीक आहे. कधी त्याच्या कानामागे नाक लावून हुंगायचात. पावसात भिजून आला तर जुन्या धोतराच्या फडक्याने पोट, काखा आणि पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करायचात. नारळाच्या काथ्याचा एक लहान ब्रश तुम्ही केला होता, त्याने रोज त्याचे केस विंचरायचात. आंघोळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तीही ऊन असेल तेव्हा, आणि शेणात किंवा सडक्या माशात लोळून आला तर तेव्हा. दवाखान्यात कोणी विचारलं तरी तुम्ही हेच सांगायचात. शहरातून बदलून आलेल्या एका साहेबांच्या बाई पांढरं, केसाळ कुत्रं घेऊन यायच्या, त्यांना तुमचं म्हणणं पटायचं नाही. आम्ही दर दोन दिवसांनी घालतो, असं त्या अभिमानाने सांगायच्या. तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच दर आठ दिवसांनी इकडे येता ना बाई." आत डॉक्टरसाहेब हसायचे, ते बाहेरपर्यंत ऐकू यायचं.

त्याच डॉक्टरसाहेबांना तुम्ही एका बुद्धपौर्णिमेला घरी जेवायला बोलावलं होतं. ते साताऱ्याकडचे, मोठ्या घरातले. आपल्या घरी असा कोणी अधिकारी जेवायला पहिल्यांदाच येणार होता. आई चार दिवस आधीपासून सारवत होती. मी दहा वर्षांची होते, आणि माझ्या डोक्यात आलं की सगळं घर स्वच्छ झालं तरी तांबडा राहिलाच. मी त्याला विहिरीवर नेलं आणि कपड्याच्या साबणाने धुतलं. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. सोडणाने घासलं, आई मला घासायची तसंच. तो ओरडला नाही. नुसता खाली बसायचा आणि मान वळवायचा. पौर्णिमेच्या दिवशी तुम्ही नवा शर्ट घालून बाहेर आलात तर तो फणसाखाली थरथरत बसला होता, आणि पोटावर लाल चट्टे उठले होते. मला वाटलं मार बसणार. तुम्ही जवळ आलात, त्याच्या अंगावरून उलटा हात फिरवलात आणि बोटं बघितलीत. मग मला म्हणालात, "आपण अंग घासतो ते लोकांसाठी गो. या मुक्या जनावराला लोकांशी काय देणंघेणं?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाहीत. मग नव्या शर्टानिशी खाली बसून तुम्ही त्याच्या अंगातला उरलासुरला साबण साध्या पाण्याने काढलात, फडक्याने टिपून कोरडं केलंत, चट्ट्यांवर खोबरेल लावलंत. तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. तुमच्या शर्टभर तांबडे केस होते. आई दारात कपाळाला हात लावून उभी होती. साहेबांनी वाकून कुत्र्याचं पोट बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं. तुम्ही म्हणालात, घरातच झालंय साहेब, बरं होईल. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. ते जेवले, खीर दोनदा मागून घेतली. तुमचं ते वाक्य मला तेव्हा रागाचं वाटलं होतं. तुम्ही माझ्यावर रागावला होतात असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले.

तर सगळं माहीत असून मी काय केलं ते सांगते. वहिनी बोलल्या त्याच संध्याकाळी मी कुत्रीला आंघोळ घातली. मग दर आठवड्याला. मग जुलैत मला दारातून आत येताना स्वतःलाच वास आल्यासारखा वाटायला लागला, तेव्हा एक दिवसाआड. पहाटे पाचला उठून तिला मोरीत न्यायची, जंतुनाशक साबणाने घासायची, घाईघाईने पुसायची आणि मग स्वतःचं आवरून कचेरी गाठायची. हे पलंगावरून म्हणायचे, "एवढं घासलं असतंस मला, तर मी लग्नात गोरा दिसलो असतो." मी हसायचेसुद्धा नाही. इतकी दमलेली असायचे की कचेरीत शिक्के उलटे पडायचे. आपल्याकडच्या पावसात माणसाचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिचं अंग काय वाळणार. ती ओलीच राहायची. काखेत, मांडीत लाल व्हायला लागलं, मग केस गेले, मग त्यातून चिकट काहीतरी यायला लागलं आणि वास खरोखरच सुरू झाला. आधीचा नव्हे, आंबूस, कोंदट. तो वास आला की मी आणखी घासायचे. आता लिहिताना हे किती सरळ दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये सोसायटीच्या चिटणिसांचा निरोप आला की तक्रारी वाढल्यात, पुढच्या बैठकीत कुत्र्याचा विषय घ्यावा लागेल. पावस गावाला त्यांच्या मेव्हण्याची आंब्याची बाग आहे, तिथे राखणीला ठेवता येईल, असंही त्यांनी आपुलकीने सांगितलं. फोनवर तुमच्या नातीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, तिला कधी साखळीला बांधलेलं नाही. ती तिथे मरेल." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, तुझं बघू म्हणजे हो असतं.

मग मी तिला रिक्षात घालून इथल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आता तिथे एक तरुण मुलगी डॉक्टर आहे. तिने सगळं नीट तपासलं आणि विचारलं, काकू, आंघोळ किती दिवसांनी घालता. बाबा, मी खोटं बोलले. म्हटलं, महिन्यातून एकदा. तुमची मुलगी आहे, खरं उत्तर काय असायला हवं ते मला पाठ होतं, तेच मी सांगितलं. तिने विश्वास ठेवला. खाण्यातून काही होत असेल म्हणून खाणं बदललं, गोळ्या दिल्या, मलम दिलं. मी घरी येऊन गोळ्या दिल्या, मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मलमासकट सगळं धुऊन काढलं. असे पंधरा दिवस गेले. कुत्रीने खाणं कमी केलं. मी मोरीचा दिवा लावला की ती पलंगाखाली जाऊन यांच्या चपलांमागे बसायची. एकदा मी तिला ओढून काढत होते तेव्हा हे उठून बसले आणि म्हणाले, "अगो, सोड तिला. तिला घालवायचं तर पावसला घालव, असं घालवू नको." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, यांनी मला इतकं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि परत दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाली, गोळ्यांनी फरक पडायला हवा होता, आता रक्त तपासायला पाठवावं लागेल. तिने कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, हिच्या अंगावर तेलच राहिलेलं नाही. असं कसं?" मी सांगितलं. एक दिवसाआड घालते, माणसाच्या साबणाने, दोन महिने. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं की मग मागच्या वेळी का सांगितलं नाही. मी म्हटलं, माझे वडील याच खात्यात ड्रेसर होते. तिला त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण तिने पुढे विचारलं नाही. तिने एक औषधी शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून एकदाच, दहा मिनिटं अंगावर ठेवून मग धुवायचा, नंतर पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं, असं महिनाभर. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतून एक आंघोळ, बास. रोज विंचरायचं, फिरून आल्यावर पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, कान आतून ओले ठेवायचे नाहीत, समुद्रावर नेलं तर फक्त गोड्या पाण्याने खारट पाणी काढायचं, साबण नाही. मी सगळं लिहून घेतलं. त्यातली एकच गोष्ट मला नवी होती, तो शाम्पू.

आणि शेवटी तिने सांगितलं की पहिले तीन आठवडे वास राहील, धीर धरा. बैठक तर पुढच्याच रविवारी होती.

बैठक खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. मी कचेरीतल्या बैठकांना असते ती चहाचे कप आणि उपस्थितीची वही सांभाळायला. बोलायची सवय नाही. विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की कुत्री आजारी आहे, आणि ती माझ्यामुळे आजारी आहे, वास जावा म्हणून मी तिला प्रमाणाबाहेर धुतलं. आता महिनाभर ती कमी धुतली जाईल. वास येईल. तेवढा वेळ मला द्या. वहिनींनी मान खाली घातली. कुणीतरी म्हणालं की लिफ्टमध्ये तरी आणू नका. दुसरं कुणी म्हणालं, मुलाबाळांचं घर आहे. चिटणीस पावसचं परत काढणार तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे भाई बोलले. त्यांचा मिरकरवाड्यात बर्फाचा धंदा आहे, दुपारी घरी येतात ते थेट बंदरावरून. ते म्हणाले, "चिटणीस, माझ्या अंगाला रोज बांगड्याचा वास असतो. घरची मला दारातच आंघोळीला पाठवते. पाठवता काय मला पण पावसला? आंबे तरी मिळतील." लोक हसले. चिटणीसही हसले. ठरलं असं काही नाही, पण दिवाळीनंतर बघू म्हणून विषय पुढे ढकलला, आणि पार्किंगच्या गळतीवर चर्चा सुरू झाली. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "भाई बोलला ते बरं झालं. पण आधी तू बोललीस."

आज पाचवा आठवडा. चट्टे सुकलेत. दिवाळीनंतर काय होईल ते माहीत नाही, पण मला वाटतं राहील. मी रोज संध्याकाळी तिला विंचरते. पहिले काही दिवस मी जवळ आले की ती मान वळवून भिंतीकडे बघायची. ओरडणं नाही, चावणं नाही, नुसतं दुसरीकडे बघणं. तिची ती मान मी आधी कुठे पाहिली होती ते मला आठवत होतं, तरी मी आठवू देत नव्हते. तांबड्याचीच असेल असं स्वतःला सांगत होते.

ती तुमची होती, बाबा. शेवटच्या सात महिन्यांत तुम्ही आमच्या आतल्या खोलीत होतात, उठता येत नव्हतं. मी रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी तुम्हाला गरम पाण्याने पुसायचे, साबण लावून, घासून. भेटायला माणसं यायची, आणि आजारी माणसाच्या खोलीचा वास येतो असं कुणी म्हणू नये म्हणून संध्याकाळी परत. तुमची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज नको, एक दिवसाआड ओल्या कपड्याने नुसतं टिपा. मी हो म्हटलं आणि रोज घासत राहिले. तुम्ही नुसती मान भिंतीकडे करायचात. एकदाच, पावसाची झड लागली होती त्या दिवशी, तुम्ही म्हणालात, "आज नको गो." मी म्हटलं, गावाहून माणसं यायची आहेत बाबा, असं कसं चालेल. तुम्ही हात पुढे केलात. त्या दिवशी तुमच्या कोपराची साल निघाली, ती शेवटपर्यंत भरली नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत की आली नाहीत का माणसं. मी सांगितलं की पावसामुळे राहिली असतील.

गावाहून कुणीच येणार नव्हतं, बाबा.